सहा पौंडांचं तंगूस

एप्रिल लागला की अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मासेमारीच्या दुकानांत एक अख्खी भिंत दोऱ्यांनी भरते. जमिनीपासून हात पुरेल तिथपर्यंत डब्याच डब्या, आणि प्रत्येक डबीवर ठसठशीत आकडा: ४, ६, ८, १०, २०. हे पौंड. एवढ्या ओढीला ही दोरी तुटेल, असा त्याचा अर्थ. नवा माणूस त्या भिंतीसमोर उभा राहिला की हात आपोआप मोठ्या आकड्याकडे जातो. मासा निसटू नये, दोरी तुटू नये, मग वीस पौंडांची घेतलेली बरी. हिशेब वरवर चोख वाटतो.

वॉलाय हा इथला लाडका मासा, त्याच्या बाबतीत तो चालत नाही. या राज्यात आजवर नोंदलेला सर्वांत मोठा वॉलाय १९७९ साली सीगल नदीत मिळाला. त्याचं वजन १७ पौंड ८ औंस, म्हणजे आठ किलोला थोडं कमी. हा झाला विक्रम. एरवी बोटीत येतो तो दीड-दोन पौंडांचा. पाच पौंडांचा आला तर माणूस फोटो काढून चार जणांना पाठवतो. त्यात पाण्यातला मासा आपलं सगळं वजन दोरीवर टाकत नाही, आणि रिळाचा ड्रॅग, म्हणजे ब्रेक, नीट लावला असेल तर ओढ वाढताच दोरी आपसूक सुटत जाते. सहा पौंडांचं साधं नायलॉन, म्हणजे आपल्याकडचं बारीक तंगूस, या माशाला पुरून उरतं.

थोडक्यात, ताकदीचा प्रश्न मिनिटभरात निकालात निघतो आणि भिंत तरी भरलेलीच असते. गिऱ्हाईक तिथे अर्धा अर्धा तास घुटमळतं ते दुसऱ्याच प्रश्नापाशी. वीस फूट खाली, गढूळ थंड पाण्यात काय चाललंय, त्यातलं ही दोरी माझ्या बोटापर्यंत किती पोचवणार? आणि कधी कधी, किती पोचवणार नाही? हा दुसरा अर्धा भाग दुकानदार सहसा सांगत नाहीत. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

पण आधी मासा. वॉलाय हा पर्च कुळातला, युरोपातल्या झँडरचा सख्खा चुलतभाऊ. पाठ सोनेरी-हिरवट, पोट पांढरं, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, तोंडात दात. १९६५ पासून तो मिनेसोटाचा राज्यमासा आहे. त्याची ओळख म्हणजे डोळे. बुबुळामागे प्रकाश परतवणारा थर असतो, मांजराच्या डोळ्यांत असतो तसाच. बॅटरी मारली की डोळे दुधाळ चमकतात. संधिप्रकाशात, गढूळ पाण्यात, वाऱ्याने लाटा उठल्या की त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. म्हणून वारा सुटला की इथले जुने लोक खुशीत येतात आणि शांत, निळ्याशार दुपारी कपाळाला आठ्या घालतात. मे महिन्याच्या मध्यावर हंगाम उघडतो तेव्हा राज्याचे गव्हर्नरही गळ घेऊन तळ्यावर येतात. १९४८ पासूनची प्रथा आहे ती.

या माशासाठी जिगिंग ही सर्वांत साधी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत सुरेख पद्धत. गळाच्या मानेवर शिशाचा वाटाणा ओतलेला, की झाला जिग. १/८ औंस म्हणजे साडेतीन ग्रॅम. गळाला बोटभर मासोळी, जळू किंवा गांडूळ लावायचं, तळाशी सोडायचं, वीतभर उचलायचं, पुन्हा सोडायचं. बस्स. दिवसभर हेच. पाहणाऱ्याला वाटतं माणसाला काही उद्योग नाही.

वॉलाय बहुतेक वेळा जिग घेतो तो खाली पडताना, आणि घेण्याची त्याची रीत फार शांत. तो झडप घालून चावत नाही. जवळ येतो, एका क्षणात तोंड आणि कल्ले फाकवतो, आणि समोरचं पाणी आत ओढून घेतो. पाण्याबरोबर जिग. नको असेल तर तितक्याच झटक्यात बाहेर थुंकतो. वर बोटाला जे कळतं ते इतकंच: एक बारीक ‘टक्’. कधी तेही नाही. जिग तळाला टेकायला हवा होता तो दोन फूट आधीच थांबला, आणि पाण्यावर दोरीला किंचित ढील आली. किंवा जिग उचलायला गेलं तर तो ओल्या पोतेऱ्यासारखा जड लागतो. शेवाळं अडकलं की मासा, हे ठरवायला मिळतो पाऊण सेकंद. दोरी बनवणाऱ्या कंपन्या एकमेकींशी भांडतात त्या या पाऊण सेकंदासाठी.

वेंगुर्ल्याला आमचे तात्या गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचे तेव्हा रॉड नव्हताच. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेलं तंगूस, टोकाला गरी, वर शिसं. खडकावर उकिडवं बसायचं आणि तंगूस उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून सोडायचं. मी पोरवयात ते मुठीत गच्च धरायचो तेव्हा ते म्हणायचे, “बोटार धर, मुठीत नको.” एवढंच. कारण सांगायच्या फंदात ते पडायचे नाहीत. रॉड ही पुढे अमेरिकेत आल्यावर भेटलेली चीज, पण बोट अजून तिथेच असतं. रीळ तळहातात, आणि रॉडच्या खालून आलेल्या दोरीला पहिलं बोट टेकवलेलं. मिसिसिपीवर बसलेले सत्तरीचे गोरे आजोबासुद्धा अगदी असंच धरतात.

नायलॉन पहिल्यांदा बनलं २८ फेब्रुवारी १९३५ रोजी, ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत, वॉलेस कॅरोथर्सच्या हाताखाली. १९३८ मध्ये कंपनीने ते जगाला दाखवलं तेव्हा आधी दात घासायच्या ब्रशचे केस झाले, मागून बायकांचे मोजे, आणि त्याच धाग्याची एकसंध तार मासेमारीत शिरली. त्याआधी इकडे रेशमाच्या, लिननच्या दोऱ्या होत्या. वापरून झाल्या की धुवायच्या, वाळत घालायच्या, नाहीतर कुजायच्या. नायलॉनने ती कटकट एका फटक्यात संपवली.

इथल्या दुकानात सर्वांत जास्त दिसणारं नायलॉन म्हणजे ट्रायलीन, बर्कली कंपनीचं. या कंपनीची जन्मकथा मला आवडते. शेजारच्या आयोवा राज्यातल्या स्पिरिट लेक गावात १९३७ साली बर्कली बेडेल नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने पेपर टाकून जमवलेल्या पन्नास डॉलरांवर घरी माशा बांधायला सुरुवात केली. माशा म्हणजे पिसांची, केसांची नकली आमिषं. पुढे तो अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला आणि बारा वर्षं तिथे बसला. गळाच्या धंद्यातून संसदेत गेलेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

नायलॉनचे दुर्गुण सगळ्यांना पाठ असतात. ते पाणी पितं, आणि ओलं झालं की थोडं नरम आणि कमजोर होतं. उन्हाने सडतं. स्पूलवर हिवाळाभर पडून राहिलं की वेटोळ्याचा आकार धरून बसतं, आणि वसंतात पहिल्यांदा पाण्यात सोडलं की स्प्रिंगसारखं उलगडत जातं. या वळ्या जोवर सुटत नाहीत तोवर तळाशी काय चाललंय ते कळणं अशक्य. आणि मुख्य म्हणजे ते ताणतं. तुटायच्या बेतात आलं की पाव भागापर्यंत लांबतं. मासेमारीत एवढा जोर कधी लागत नाही, पण चाळीस-पन्नास फूट दोरी बाहेर असेल तर ‘टक्’मधला बराच ऐवज वाटेतच जिरतो.

या दुर्गुणावर उतारा निघाला तो हॉलंडमध्ये. डीएसएम कंपनीतल्या संशोधकांनी पॉलिथिलीनच्या लांबच लांब रेणूंचा जेल करून त्यातून धागा ओढण्याची रीत १९७९ मध्ये पक्की केली. (सीगल नदीतल्या त्या माशाचंच साल. योगायोग.) तो धागा डायनीमा म्हणून विकला गेला. अमेरिकेत त्याच जातीच्या धाग्याचं नाव स्पेक्ट्रा. गोळी अडवणारी जाकिटं, जहाजांचे दोर, आणि चार किंवा आठ पेडांची वेणी घालून गळाची दोरी. हिला इथे ब्रेडेड म्हणतात. ती जवळजवळ ताणतच नाही. वर आणखी एक गुण: पॉवरप्रो नावाची दहा पौंडांची ब्रेडेड जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाड असते, म्हणजे दोन पौंडांच्या नायलॉनएवढी. सहा पौंडांचं साधं नायलॉन त्याच्या दीडपट जाड.

माझ्या मते न ताणण्याच्या गुणापेक्षा हा बारीकपणा मोठा, फक्त त्याची जाहिरात कमी होते. मिनियापोलिसहून तासाभरावर रेड विंग गाव आहे, मिसिसिपीच्या काठी. इथे नदी ही विस्कॉन्सिनची हद्द, त्यामुळे वॉलाय बारा महिने धरता येतो. धरणाखालचं पाणी गोठत नाही, म्हणून मार्चमध्ये सगळं राज्य तिथे लोटतं. प्रवाह जोरात. पंचवीस फूट पाण्यात जिग सोडलं की प्रवाह सर्वांत आधी दोरीला धरतो. जाड दोरीला जास्त, बारीकला कमी. जाड दोरीचा पाण्यात कमानीसारखा बाक होतो, जिग तळाला टेकलं तरी वर पत्ता लागत नाही, मग माणूस वजन वाढवतो. पाव औंसाच्या जागी अर्धा औंस. आणि अर्ध्या औंसाचं शिसं त्या माशाला एका घोटात आत ओढता येत नाही. बारीक दोरीने पाव औंस सरळ रेषेत खाली जातं, आणि काम भागतं.

तरी त्याच रेड विंगला, त्याच मार्चमध्ये, पहाटे शून्याखाली सात-आठ सेल्सिअस असताना ब्रेडेड माणसाला रडकुंडीला आणते. वेणीच्या पेडांमधे पाणी शोषलं जातं, रॉडच्या कड्यांपाशी ते निथळतं आणि तिथल्या तिथे गोठतं. दर काही मिनिटांनी टोकाच्या कडीतला बर्फाचा खडा नखाने फोडायचा. दोरी ओढली की तो खडा तिला खरवडतो. शेजारच्या बोटीतला नायलॉनवाला मात्र निवांत कॉफी पीत असतो. त्यालाही बर्फ होतो, पण कमी.

फ्लुरोकार्बन ही तिसरी जात. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये सीगार नावाने बाजारात आणली. रसायन म्हणाल तर पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड. नायलॉनच्या दीडपट जड, म्हणून भरभर बुडतं. पाणी पीत नाही. आणि हिच्या डबीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की माशाला ही दिसत नाही. यामागे शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आधार आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. आकडा पाण्याच्या जितका जवळ तितकी दोरी कमी चमकते. १.४२ म्हणजे १.३३ नव्हे, हे मात्र डबीवर नसतं. कमी दिसणं वेगळं आणि न दिसणं वेगळं. आणि ज्या माशाचा सगळा संसार काळोखात बघण्यावर उभा आहे, त्याच्या नजरेबद्दल डबीवर छातीठोक लिहिणाऱ्यांचं मला कौतुकच वाटतं. फ्लुरो ताणत नाही, हाही एक लाडका गैरसमज. ताणतं. जरा जास्त जोर लावावा लागतो, आणि एकदा ताणलं की नायलॉनसारखं पूर्ववत होत नाही, इतकंच.

गढूळ नदीत मी या दिसण्या-न दिसण्याकडे कानाडोळा करतो. मिल लॅक्सवर नाही.

मिल लॅक्स हे मिनेसोटातलं वॉलायचं सर्वांत गाजलेलं तळं. ५०० चौरस किलोमीटरहून मोठं, आणि सर्वांत खोल जागी फक्त ४२ फूट. इतकं पसरट की वारा फिरला तर अर्ध्या तासात लाटा बोटीवर चढतात. २००५ मध्ये तिथे झेब्रा शिंपले सापडले. नखाएवढे, पट्टेरी, मुळचे काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या बाजूचे. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून उत्तर अमेरिकेत आले आणि बोटींबरोबर तळ्यातळ्यांत पसरले. एकेक शिंपला दिवसभर पाणी गाळत असतो. ते कोट्यवधींनी वाढले, आणि तळं निवळत गेलं. जुने लोक सांगतात की पूर्वी इथे भर दुपारी दहा फुटांत वॉलाय लागायचा. आता दुपारी तो खोल जातो, नाहीतर संध्याकाळची वाट बघतो. आणि जवळ येऊन आमिष निरखतो.

एका शिंपल्याने दोरीचे हिशेब असे दोन बाजूंनी बदलले. पाणी नितळ झालं म्हणून टोकाला काहीतरी पारदर्शक हवं. आणि तळाशी दगडादगडाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार, त्यावर ब्रेडेड घासली की तिचे पेड एकेक करून उसवतात. ब्रेडेडची एरवीची कीर्ती अशी की साध्या नेलकटरने ती तुटत नाही, चांगली कात्री लागते. शिंपल्यापुढे ती कीर्ती फुकट. फ्लुरोची तार एकसंध आणि कडक, ती घासणं सोसते. म्हणून आता तिथल्या जवळपास प्रत्येक रॉडवर वरची दोरी ब्रेडेड, झगझगीत पिवळी किंवा पोपटी, आणि शेवटचे दोन-तीन फूट सहा किंवा आठ पौंडांचं फ्लुरो. पिवळा रंग आपल्यासाठी, पारदर्शक टोक माशासाठी. दोरी पाण्यात शिरते त्या जागी डोळा लावून बसायचं असेल तर रंग हवाच. बोटाला न कळलेला मासा पुष्कळदा डोळ्याला कळतो.

गेल्या वसंतात भाचा आला होता रेड विंगला. रॉचेस्टरला नोकरी लागलीय त्याला. पुण्याचा मुलगा, समुद्र पाहिलेला फक्त सुट्टीत. बोटीत मी दोन दोऱ्या जोडत बसलो होतो, तो हातमोज्यांत हात घालून बघत होता.

“मामा, दोन दोऱ्या जोडायच्याच कशाला? एकच घ्या ना चांगलीशी.”

“चांगलीशी म्हणजे कुठली?”

“सगळ्यात महागडी.”

“महागडीला गाठ बसत नाही रे. गुळगुळीत असते, जिगच्या कडीतून सरकून सुटते.”

“मग स्वस्तातली.”

“ती तुझ्या हातात आहे बघ.”

त्याच्या हातात सहा पौंडांचं नायलॉन लावलेला रॉड होता. पाहुण्याला मी तोच देतो. का, ते पुढे सांगतो.

दोन दोऱ्यांच्या गाठीला डबल युनी म्हणतात. ब्रेडेडचं टोक आणि फ्लुरोचं टोक समोरासमोर आणून वीतभर एकमेकांवर ठेवायची. फ्लुरोच्या टोकाचा फास करून त्याने दोन्ही दोऱ्यांभोवती पाच वेढे द्यायचे. मग ब्रेडेडच्या टोकाचे तसेच आठ, कारण ती निसरडी. गार हवेत बोटं बधिर झालेली असतात, आठवा वेढा हमखास सुटतो, पुन्हा पहिल्यापासून. आवळण्याआधी गाठ जिभेने ओली करायची. फ्लुरो कोरडं आवळलं तर घासून तापतं आणि गाठीपाशीच कमजोर होतं. मग दोन्हीकडून सावकाश ओढायचं, की दोन गाठी सरकत येऊन एकमेकींना चिकटतात. शेपट्या अगदी जवळून कापायच्या. नीट जमली तर रॉडच्या कड्यांतून जाताना फक्त बारीकशी ठेच लागते. भाच्याने ती बोटांत धरून निरखली आणि म्हणाला, “एवढ्याशासाठी एवढं?” मी म्हटलं, थांब, अजून जिग बांधायचं राहिलंय. त्याला पालोमर गाठ, दोरी दुहेरी करून घातलेली. मला दोनच गाठी येतात आणि आयुष्य त्यांवर नीट चाललंय. तिसरी, एफजी नावाची, यापेक्षा बारीक आणि पक्की असते असं तरुण मंडळी सांगतात. डोलणाऱ्या बोटीत ती बांधणाऱ्यांना माझा नमस्कार.

तर पाहुण्याला नायलॉन का? स्वस्त आहे म्हणून नव्हे, आणि गुंता झाला तर कापून टाकता येतो म्हणूनही नव्हे, जरी दोन्ही खरं आहे. वॉलाय पाणी आत ओढतो तेव्हा जिगला त्याच्या तोंडाकडे दोन-तीन इंच सरकायची मोकळीक हवी. ब्रेडेड ताठ धरलेली असेल आणि रॉडचं टोकही कडक असेल, तर जिग हलत नाही. मासा तोंड मिटतो तेव्हा त्याच्या ओठांत मासोळीची शेपूट येते आणि गळ बाहेरच. वर माणसाला ‘टक्’ लख्ख ऐकू येतो, तो झटका मारतो, आणि हाती अर्धी मासोळी. दिवसभर असं झालं की लोक म्हणतात मासे आज नुसते टोचताहेत, घेत नाहीत. मासे व्यवस्थित घेत असतात. दोरी देत नसते.

नायलॉन देतं. ते ताणलं जातं तेवढ्यात जिग आत जातं. नव्या माणसाला टक् कळतच नाही, तो अर्धा सेकंद उशिरा जागा होतो, आणि तोवर गळ टाळूला लागलेला असतो. थंड पाण्यात, जेव्हा माशाच्या अंगात जोर नसतो आणि तो सुस्तपणे ओढतो, तेव्हा तर मी स्वतःसुद्धा नायलॉनच घेतो. बोटाला कमी कळतं, पण बोटीत जास्त येतात. ज्यांनी आयुष्यभर ट्रायलीन सोडलं नाही त्या म्हाताऱ्यांना तरुण पोरं हसतात. एप्रिलमध्ये मी म्हाताऱ्यांच्या बाजूचा.

दोरी एकटी निवडता येत नाही ती यामुळे. रॉड आणि दोरी मिळून एक हत्यार. ब्रेडेड लावायची तर रॉड मीडियम-लाइट, म्हणजे मध्यमाहून जरा लवचिक, साडेसहा फुटांच्या आसपास, टोक नरम घ्यायचं. दोरी जे सोडत नाही ते टोकाने सोडायचं. नायलॉन लावायचं तर रॉड जरा कडक, टोक चपळ. दोन्ही नरम घेतलं तर तळाचा थांग लागत नाही. दोन्ही कडक घेतलं तर वर सांगितलं तो तमाशा. फ्युज केलेली फायरलाइन म्हणून एक दोरी आहे, तीही बर्कलीचीच. तिचे धागे विणलेले नसून वितळवून चिकटवलेले. ती वेणीपेक्षा थोडी कडक, वाऱ्यात कमी गुंतते, पण वापरून वापरून केसाळ होते. वॉलायवाल्यांमध्ये तिचे भक्त खूप. मी त्यांच्यात नाही, पण वादही घालत नाही.

जिगिंगने दोरीला पीळ पडतो, हा एक ताप कुठलीही दोरी घेतली तरी चुकत नाही. उचलता-सोडताना जिग स्वतःभोवती फिरतं, आणि संध्याकाळपर्यंत दोरी आपोआप वेटाळू लागते. दोरी आणि टोकाच्या मधे गाठीऐवजी अगदी बारकी फिरती कडी बांधली की पीळ तिच्यात सुटतो. नदीत सरळ खाली सोडून बसायचं असेल तर मी ती लावतोच. लांब फेकायचं असेल तेव्हा नाही, कारण ती टोकाच्या कडीत अडकते.

शिशाबद्दलही थोडं. मिनेसोटाचा राज्यपक्षी लून, तोच तो रात्री तळ्यावर हेल काढून ओरडणारा. तो तळाचे खडे गिळतो, आणि खड्यांबरोबर तुटून पडलेली शिशाची जिगंही. एक छोटं जिग पोटात गेलं तरी तो मरतो. म्हणून तुटणारी दोरी हा फक्त आपल्या खिशाचा प्रश्न नाही. टंगस्टनची जिगं मिळतात. महाग आहेत, पण शिशापेक्षा घन असल्याने त्याच वजनाला लहान होतात, आणि तळाचा दगड-वाळूतला फरक जास्त स्वच्छ सांगतात. कापलेल्या दोरीचे तुकडे मी खिशात ठेवतो. कित्येक धक्क्यांवर प्लॅस्टिकच्या पाइपाचे डबे लावलेले असतात, नायलॉन त्यात टाकायचं, ते वितळवून पुन्हा वापरतात. ब्रेडेड त्यात चालत नाही. ती बारीक कापून कचऱ्यात.

घरी बायकोचं मत वेगळंच. तिच्या लेखी हा मासा सपक. पांढरा, नरम, काटा कमी, वास जवळजवळ नाहीच. रव्यात घोळवून तळला तर उत्तम, पण कालवणात घातला तर विरघळून जातो, आणि मग ती मला विचारते की एवढ्या थंडीत हे आणायला गेला होतास? बांगड्याची सर त्याला नाही हे मी मान्य करतो. गरवायची मजा मात्र बांगड्यात नाही, असं म्हणून बघतो. ती ऐकून घेते.

या वर्षी माझ्या बोटीत राहतील ते रॉड असे. एकावर आठ पौंडांची पिवळी ब्रेडेड आणि सहा पौंडांचं फ्लुरो टोक, मिल लॅक्ससाठी. एकावर दहाची ब्रेडेड, फिरती कडी आणि आठाचं टोक, मिसिसिपीसाठी, कारण तिथल्या बुडालेल्या ओंडक्यांत जिग अडकतं आणि ओढून सोडवावं लागतं. आणि एकावर सहाचं नायलॉन, दर वसंतात नवं. भाच्याने स्वतःचा रॉड घेतलाय, दोरी कुठली लावू म्हणून फोन आला होता. त्याला सांगितलं: स्पूलवर खाली अर्ध्यापर्यंत स्वस्तातलं नायलॉन गुंडाळ, घट्ट. नुसती ब्रेडेड गुळगुळीत स्पूलवर धरत नाही, मासा लागला की सगळी गुंडाळी जागच्या जागी फिरत राहते. त्यावर ब्रेडेड घे, काठापासून दोन मिलिमीटर खाली थांब, जास्त भरलीस तर वाऱ्यात गुंते होतील. महागडी दोरी अर्धीच लागेल. उरलेली पुढच्या वर्षी.